नव्वद नंबर आणि इतर पंथ

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोटारसायकलींची पूजा चालू असताना मान कुणाकुणाला मिळतो, ते एकदा नीट बघावं. हेडलाईटला झेंडूचा हार. टाकीवर हळदकुंकवाची बोटं. हँडलला आंब्याची डहाळी, मीटरच्या काचेवर स्वस्तिक, सीटवर अक्षता. पुढच्या चाकासमोर नारळ फुटतो. जिच्या जिवावर हा सगळा थाट पुढे सरकणार असतो ती चेन मात्र मागच्या चाकाला खेटून काळीठिक्कर लोंबत असते. तिच्याकडे तबक वळत नाही. तिच्या वाट्याला सणाचं येतं ते एवढंच की, साडीगार्डला बांधलेल्या हाराचा दोरा पहिल्याच वळणावर सुटतो आणि तिच्यात जाऊन गुंडाळला जातो. मग रस्त्याच्या कडेला, कोऱ्या कपड्यांत उकिडवं बसून झेंडूच्या पाकळ्या ओढून काढणारे गृहस्थ दिसतात. चेनची वर्षातली तेवढीच पुष्पपूजा.

म्हणून चेनला कुणी वाली नाही असं समजू नये. तिची सेवा होत नसेल, पण चर्चा अखंड चालू असते. चार मोटारसायकलवाले टपरीवर चहा पीत उभे असतील तिथे "चेनला कुठलं तेल लावावं हो?" एवढंच विचारून बाजूला व्हावं. चहा गार होतो, ऑफिसची वेळ टळते, आणि तोवर एकमेकांना 'शेठ' म्हणणारे लोक एकमेकांची अक्कल काढायला लागतात. त्याच चौघांना मग विचारावं, "शेवटचं कधी लावलं होतं?" एक जण घड्याळ बघतो, दुसऱ्याला फोन येतो, तिसरा हेल्मेट चढवतो. चौथा सुट्टे पैसे शोधायला लागतो. माझं निरीक्षण असं की, या प्रांतात 'कुठलं' हा पुरुषांचा लाडका प्रश्न आहे आणि 'कधी' हा त्यांच्या बायकांचा. गाडीच्या पुस्तिकेलाही फक्त 'कधी'तच रस असतो. ५०० ते १००० किलोमीटरच्या मधला एखादा आकडा ती देते, गाडी पावसात भिजली किंवा धुतली तर लगेच लावा म्हणते, आणि तेलाचं प्रकरण एका ओळीत उरकते. पण ती पुस्तिका सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत, आरसीच्या झेरॉक्सबरोबर, घेतल्या दिवसापासून झोपलेली असते.

तेलाच्या पंथांत सगळ्यात जुना पंथ काळ्या ऑईलचा. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनातून काढलेलं ऑईल गॅरेजवाला फेकत नाही. कापलेल्या कॅनमध्ये साठवतो, त्यात रंगाचा जुना ब्रश उभा करून ठेवतो, आणि समोर येईल त्या चेनला त्यातला एक हात मारतो. फुकट. या फुकटपणामुळे पंथाला अनुयायी पुष्कळ. "इंजिनात चालतं, तर चेनला काय धाड भरली?" हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. खोट एवढीच की, इंजिनात चालेनासं झालं म्हणूनच ते बाहेर काढलेलं असतं. काजळी आणि धातूचा बारीक कीस पोटात घेऊन ते बाहेर येतं, आणि आपण तोच कीस चेनच्या सांध्यांत पुन्हा भरतो. तरीही सांगतो, काळं ऑईल वेळच्या वेळी लावणाऱ्याची चेन महागडं तेल फळीवर जपून ठेवणाऱ्याच्या चेनपेक्षा जास्त टिकलेली मी पाहिली आहे. हे मी पार्किंगमध्ये मोठ्याने बोललो, तेव्हा दोन्ही पंथ आयुष्यात पहिल्यांदा एक झाले आणि त्यांनी मला वाळीत टाकलं.

दुसरा पंथ नव्वद नंबरवाल्यांचा. वस्तू म्हणजे गिअर ऑईल, एसएई ९०. पण दुकानात जाऊन "गिअर ऑईल द्या" म्हणणारा नवशिका समजावा. जाणता माणूस नुसतं "नव्वद नंबर आहे का?" विचारतो, आणि दुकानदारही कुठली गाडी, किती हवं, असले प्रश्न न विचारता डबा पुढे करतो. या पंथाला शास्त्राधार आहे. बऱ्याच पुस्तिकांत ८०-९० नंबरचं गिअर ऑईल चालेल असं चक्क छापलेलं असतं. इथली मंडळी बहुधा पन्नाशीपुढची. त्यांच्याकडे शिलाई मशीनची लांब चोचीची कुप्पी असते. मागचं चाक हाताने सावकाश फिरवत, कडीकडीवर एकेक थेंब, असं त्यांचं काम चालतं, आणि त्या वेळी कुणी "नमस्कार काका" म्हटलेलं त्यांना खपत नाही, कारण मोजणी चुकते. अडचण एकच आहे. नव्वद नंबर चेनवर जेवढं बसतं तेवढंच उडतं. दुसऱ्या दिवशी रिमवर, साडीगार्डवर आणि मागे बसणाऱ्या माउलीच्या डाव्या पोटरीवर त्याची बारीक नक्षी उमटते. ती कुठल्याही साबणाला दाद देत नाही. कुठल्या घरात कुठला पंथ पाळतात हे गॅलरीतलं वाळत घातलेलं धुणं बघून सांगता येतं.

मग येतात स्प्रेवाले. ही तरुण मंडळी. यांच्याकडे दोन डबे असतात, एक चेन साफ करायचा आणि एक लावायचा. दोन्हींवर वळणात जमिनीला गुडघा टेकवून निघालेल्या रेसवाल्याचं चित्र. डबा घेणारा स्वतः सिंहगड रोडच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उभा. स्प्रेची चीज खरं तर चांगली असते. पातळ द्रावकाबरोबर तेल सांध्यात शिरतं, द्रावक उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. मात्र त्यासाठी लावल्यावर गाडी काही काळ उभी ठेवावी लागते. इथे स्प्रे मारला की किक मारली जाते, आणि तो चिकट थर चेनऐवजी मागून येणाऱ्या रिक्षाच्या काचेवर बसतो. डब्याबरोबर एक लालभडक बारीक नळी मिळते. ती नोझलला लावली की फवारा नेमका कडीवर पडतो. लावली नाही तर अर्धा टायरवर जातो, आणि टायरला तेल लागल्याचं वळणावर कळतं. नळी पहिल्याच दिवशी हरवते. स्प्रे संपेपर्यंत टिकलेली नळी अजून माझ्या पाहण्यात नाही.

डब्ल्यूडी-४० वाल्यांना मी वेगळा पंथ मानतो, कारण त्यांच्या मते जगात दुसरी वस्तूच नाही. कुरकुरणारी बिजागरी, जाम झालेला नट, गॅलरीचं कुलूप, सगळ्यावर तोच. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत हे रसायन जमलं. पाणी हटवून गंज रोखणं हा त्याचा हेतू, चाळिसाव्या खटपटीला ते साधलं म्हणून नावात चाळीस, आणि त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत अ‍ॅटलास क्षेपणास्त्र बनवणारे होते. पावसात चिंब झालेल्या चेनवरचं पाणी ते झकास हुसकावतं, चिकटलेली घाणही सोडवतं. पण त्याचा थर फार पातळ. घाण गेली, चेन चांदीसारखी चमकली, की आपले लोक काम झालं म्हणून हात धुतात. ती चमक म्हणजे तेल उरलं नसल्याची निशाणी असते. क्षेपणास्त्राला चेन नसते, हा मुद्दा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ग्रीस थापणाऱ्यांबद्दल जास्त बोलत नाही. ग्रीसमध्ये रस्त्यावरची वाळू बसली की पॉलिश पेपर तयार होतो, आणि तो पेपर मग चोवीस तास चेनला घासायला मोकळा. खोबरेल लावणारेही एक जण मला भेटले. चेनवर मुंग्या होत्या.

आता ज्या वस्तूवरून ही धर्मयुद्धं चालतात ती वस्तू काय आहे, ते युद्धातल्या फार थोड्यांनी बघितलेलं असतं. हान्स रेनॉल्ड नावाचा स्विस माणूस इंग्लंडात मँचेस्टरला येऊन राहिला. १८७९ मध्ये त्याने शेजारच्या सॅलफर्डमधला एक छोटा कारखाना घेतला, कापडगिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवणारा, आणि १८८० मध्ये बुश रोलर चेनचं पेटंट घेतलं. युक्ती अशी की, कडीतून जाणारी पिन उघड्यावर न घासता एका नळकांड्यात, म्हणजे बुशमध्ये, फिरते. बुशच्या बाहेर आणखी एक सुटा रोलर असतो, तो स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दातावर घरंगळत बसतो. पिन, बुश, रोलर, दोन आतल्या पट्ट्या, दोन बाहेरच्या पट्ट्या, संपलं. त्यानंतर इंजिनं कुठल्या कुठे गेली. राजदूत आली नि गेली, येझदी गेली नि परत आली, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. मागच्या चाकाजवळ मात्र अजून १८८० सालच चालू आहे. ज्याला पुरातत्त्वाची आवड आहे त्याने लेणी बघायला जाताना गाडीकडेही एक नजर टाकावी.

आणि ही चेन किती राबते? मागचं चाक एका फेरीत साधारण १.९ मीटर पुढे जातं, म्हणजे किलोमीटरला सव्वापाचशे फेऱ्या. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात धरले आणि चेनला ११८ कड्या धरल्या, तर दर किलोमीटरला चेन स्वतःभोवती १८५ च्या वर प्रदक्षिणा घालते. पुण्याहून लोणावळ्याला भजी खायला जाणं म्हणजे ६५ किलोमीटर. तेवढ्यात बारा हजार प्रदक्षिणा होतात, आणि प्रत्येक प्रदक्षिणेत प्रत्येक कडी दोन्ही स्प्रॉकेटवर वाकते नि सरळ होते. परतीचा हिशोब वेगळा. इतक्या प्रदक्षिणा माणसाने घातल्या असत्या तर देव प्रसन्न झाला असता. चेनला मिळतं ते "च्यायला, आवाज करायला लागली" एवढंच.

आवाज करायला लागली की मालक म्हणतो, चेन ताणली गेली. पोलाद असं रबरासारखं ताणलं जात नाही. होतं असं की, पिन आणि बुश एकमेकांना घासून किंचित झिजतात. एका सांध्याची झीज समजा मिलिमीटरचा दहावा भाग. ती डोळ्यांना दिसणार नाही. पण सांधे ११८. प्रत्येकाने आपापला दहावा भाग सोडला की सगळे मिळून एक सेंटिमीटरच्या वर गेले. दीड मीटरची चेन पावणेबारा मिलिमीटरने लांबली. दोष कुणाचा म्हणून एकेका कडीला उभं केलं, तर प्रत्येक कडी छातीवर हात ठेवून सांगेल, मी फारसं काही केलेलं नाही. सरकारी खात्यांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

इथे तेलाच्या वादातली खरी गंमत आहे, आणि ती मी पार्किंगमध्ये अजून सांगितलेली नाही, कारण तिथे राहायचं आहे. झीज होते ती पिन आणि बुशच्या मध्ये. मोठ्या गाड्यांवर हल्ली ओ-रिंगची चेन येते. तिच्यात कारखान्यातच पिन आणि बुशच्या मध्ये ग्रीस भरतात आणि पट्ट्यांच्या फटीत रबराची बारीक कडी बसवून ते आत कोंडून टाकतात. ही रबरी कडी म्हणजे दारावरचा वॉचमन. आतलं ग्रीस बाहेर जाऊ देत नाही, आणि बाहेरचं काही आत सोडत नाही. ना धूळ, ना पाणी, ना नव्वद नंबर, ना जर्मनीहून मागवलेला स्प्रे. "आमचं तेल आत खोलवर जातं" हे वाक्य मी इतक्या गंभीर चेहऱ्यांवरून ऐकलं आहे, आणि त्या प्रत्येक वेळी वॉचमन तेलाला गेटवरूनच परत पाठवत होता. मग बाहेरून तेल लावायचं कशाला? रोलर आणि स्प्रॉकेटच्या दातांसाठी, पट्ट्यांना गंज चढू नये म्हणून, आणि वॉचमनचं रबर सुकून तडकू नये म्हणून. त्यासाठी बरंचसं कुठलंही शहाणं तेल पुरतं. १०० सीसीच्या साध्या गाड्यांवर मात्र बिनरिंगची चेन असते. तिथे तेल खरंच आत शिरावं लागतं, वारंवार लावावं लागतं. म्हणजे ज्यांच्या चेनला तेलाची जास्त गरज त्यांना तेलावर मत नसतं, आणि ज्यांच्या चेनला कमी गरज त्यांच्याकडे चार डबे.

प्रत्यक्ष तेल लावण्याचा विधी रविवारी सकाळी होतो. जुन्या गाडीला मेन स्टँड होता. गाडी त्यावर चढवली की मागचं चाक अधांतरी, फिरवा हवं तेवढं. बऱ्याच नव्या गाड्यांना दिखाव्यापायी मेन स्टँड उरलेला नाही. मग घरातला एक सदस्य लागतो. बहुधा मुलगा. त्याने गाडी वीतभर पुढे ढकलायची, बापाने तेवढ्या कड्या घासायच्या, मग "पुढे घे... अजून... थांब, थांब म्हटलं ना!" संपूर्ण चेन व्हायला गाडी पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते आणि मुलगा तिथून थेट क्रिकेटला. खाली रविवारची पुरवणी अंथरलेली असते. घासायला जुना टूथब्रश, पुसायला बनियनचं फडकं. साफ करायला रॉकेल उत्तम, पण रेशनवरचं रॉकेल गेलं तसं ते आता दुर्मिळ झालं आहे. त्याच्याऐवजी पेट्रोल वापरण्याचा मोह आवरावा, ते वॉचमनच्या रबराला खातं. तारेचा ब्रशही नको.

लावायचं कुठे, यावर मात्र मतभेद नसावेत, आणि म्हणूनच त्याची चर्चा होत नाही. खालच्या बाजूची जी चेन असते तिच्या आतल्या अंगाला तेल सोडायचं, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने फेकलं जाता जाता सांध्यांतून जातं. बाहेरच्या अंगाला लावलं तर ते थेट भिंतीवर. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना लावावं, जास्तीचं पुसून टाकावं, आणि रात्रभर उभी ठेवावी. थोडक्यात, शनिवारी संध्याकाळी. पण शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बघायला कोण असतं?

एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगायची आहे. स्टँडवर गाडी चालू करून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरत ठेवून, फिरत्या चेनला फडकं धरणारे शूर लोक असतात. काम पटकन होतं. फडकं दातात सापडलं की फडक्याबरोबर बोटंही जातात, आणि स्प्रॉकेट ती परत देत नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने. हे सांगितल्यावर एका शूराने मला "आम्ही वीस वर्षं असंच करतोय" असं दहा बोटं दाखवत सांगितलं. मी मोजून घेतली.

चेनचा सैलपणा हा आणखी एक विषय. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांना खालच्या चेनच्या मधोमध २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो. गॅरेजवाला मिलिमीटर मोजत नाही. तो बुटाच्या टोकाने चेन उचलतो, क्षणभर आभाळाकडे बघतो, आणि म्हणतो, "सैल आहे." मग सतरा-एकोणीसचा पाना येतो. काही मालकांना चेन वीणेच्या तारेसारखी हवी असते. सैल काहीही त्यांना सहन होत नाही, घरातही. पण मागचं चाक सस्पेन्शनवर वरखाली होतं तसं दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. इंजिनाचं स्प्रॉकेट, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा सांधा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट बसवलेली चेन, मागे मेहुणे बसले आणि मांडीवर कलिंगड आलं, की कुठे जाणार? ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढायला लागते. बेअरिंगचं बिल आलं की मेहुण्यांबद्दल बोलणं होतं. पुन्हा चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी घट्ट, एका जागी सैल. म्हणून चाक फिरवत चार ठिकाणी बघायचं आणि सगळ्यात घट्ट जागेवरून ठरवायचं. दोन्ही बाजूंच्या खुणाही सारख्या घरात यायला हव्यात. नाहीतर चाक तिरकं बसतं, आणि गाडी सरळ रस्त्यावरही कुणाच्या तरी घरी वळायला बघते.

पूर्वी या सगळ्यावर उपाय होता, पत्र्याचा. १९८५ च्या आसपास ज्या १०० सीसीच्या गाड्या घरोघरी आल्या, त्यांतल्या कितीतरी गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असायची. कव्हरला एक रबरी बूच, ते काढून आत बोट घालून चेन बघायची. दूधवाल्यांच्या गाड्या अजून तशाच आहेत. दोन्हीकडे कॅन, पायाखाली चिखल, आणि आत चेन कोरडी ठणठणीत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कव्हर दिसायला बरं नाही. ते काढलं. आता ज्या देशात चार महिने पाऊस पडतो, कोकणात लाल चिखल आहे आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरची माती डांबरावर वीतभर बसते, त्या देशात महागड्या गाडीची चेन उघडी आणि स्वस्त गाडीची झाकलेली. ताम्हिणीच्या घाटात पावसात फोटो काढून आलेली गाडी सोमवारी सकाळी बघावी, चेनला केशरी रंग चढलेला असतो. समुद्राच्या ओल्या वाळूवर गाडी पळवून आणणाऱ्यांना सोमवारपर्यंत थांबावं लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी मागचं चाक किमान निम्मं झाकायला लावतो. साडीला कायदा आहे. चेनला नाही.

चेनचा जन्म संपल्याचं गॅरेजवाला एका वाक्यात सांगतो, "साहेब, किट गेलं." किट म्हणजे चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, तिन्ही. तो मागच्या स्प्रॉकेटवरून चेन दोन बोटांनी मागे ओढून दाखवतो. चेन दातावरून उचलली जाऊन अर्धा दात उघडा पडला, तर वाद घालू नये. दातही बघावेत. नवे असताना सरळ असतात, झिजले की एका बाजूला कलतात, शार्कच्या पाठीवरच्या परासारखे. तेव्हा शंभरातले नव्वद मालक विचारतात, "नुसती चेन बदलून नाही का भागणार?" भागतं, थोडे महिने. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की ते दात तिला आपल्या मापाची करून टाकतात. बदलताना एक बघावं. चेनलॉकच्या चिमट्याचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं. उलटं बसलं तर एखाद्या दिवशी चिमटा सुटतो आणि चेन मागच्या मागे रस्त्यावर पडते. मागून येणारा माणूस ती उचलून देतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "कुठलं तेल लावता?"

चेन नसलेल्या गाड्यांचं सुख कुणी नाकारत नाही. बीएमडब्ल्यूने १९२३ सालच्या पहिल्याच मोटारसायकलला, आर-३२ ला, शाफ्ट दिला होता. आपल्याकडे चेतक स्कूटरच्या मागच्या चाकाला गिअर थेट जोडलेला असायचा, त्यामुळे चेतकवाल्यांची एक पिढी हात स्वच्छ ठेवून निवृत्त झाली. त्यांच्याकडे रविवारी सकाळी करायला काही नसायचं. म्हणून ते स्कूटर एका बाजूला कलती करायचे आणि प्लग साफ करायचे.

आमच्या सोसायटीत नव्वद नंबर पंथाचे जे अध्वर्यू होते, दुसऱ्या मजल्यावरचे काका, त्यांनी यंदा मोटारसायकल विकली आणि इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गुडघे दुखतात म्हणाले. स्कूटरला चेन नाही, दातेरी पट्टा आहे. तेल लावायचं नाही, उलट तेलापासून दूर ठेवायचा. घेतल्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे पुरवण्या अंथरून बसलो होतो. काका खाली आले. हातात कुप्पी नव्हती, पण घरातले जुने कपडे घातले होते. स्प्रेवाल्या मुलाच्या शेजारी उकिडवे बसले, त्याच्या डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं, डबा परत ठेवला. थोड्या वेळाने सहज विचारल्यासारखं म्हणाले,

"काय रे, पट्ट्याला काही लावतात का?"

"काही नाही लावायचं, काका. पुस्तिकेत लिहिलंय तसं."

"पुस्तिकेत काय, लिहितात."

बी विंगमधून कुणीतरी मान वर न करता म्हणालं, "सिलिकॉन."

"सिलिकॉन?" काका तिकडे वळले आणि त्यांनी पुरवणीचं एक पान ओढून घेऊन त्यावर बैठक मारली. "कुणी सांगितलं सिलिकॉन? काय समजतं तुम्हाला सिलिकॉनमधलं?"